‘विंट नाही, एसएचएच नाही’, मग आहे काय? (मुलांच्या मेंदूतल्या गाठींबद्दल)

शिशिरा

गेल्या आठवड्यात आरोग्य विभागातल्या एका धाग्यावर एका बाबांनी विचारलं होतं, "मुलाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘मेड्युलोब्लास्टोमा, नॉन-विंट/नॉन-एसएचएच’ असं लिहिलंय. म्हणजे हे नाही आणि तेही नाही. मग आहे काय?" विंट आणि एसएचएच ही मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूतल्या गाठीच्या दोन गटांची नावं. मी तिथे दोन ओळींत उत्तर दिलं आणि नंतर रात्रभर मला चैन पडलं नाही. तो प्रश्न दोन ओळींत आटपण्यासारखा नव्हता. म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं एका मॉलिक्युलर लॅबमध्ये गाठींच्या नमुन्यांतून आरएनए काढायचं काम केलं. उपचार काय घ्यावेत हे मी सांगणार नाही. पण गाठीचा गट कसा ओळखतात, ते काम मी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे.

मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारी मेंदूची घातक गाठ. ती बहुतेकदा लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या खालच्या भागात वाढते. मेंदूतल्या पाण्याची वाट तिथूनच जाते. गाठीनं ती अडवली की सकाळी उठल्याउठल्या उलटी, डोकेदुखी, चालताना तोल जाणं सुरू होतं. १९२५ साली पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी तिला हे नाव दिलं. ‘मेड्युलोब्लास्ट’ नावाची एखादी मूळ पेशी असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ती पेशी आजवर कुणाला सापडलेली नाही, नाव मात्र शंभर वर्षं टिकलं.

मायक्रोस्कोपखाली ही गाठ कशी दिसते सांगू? काचेवर निळीजांभळी खसखस सांडावी तशी. बारीक, गोल, गच्च पेशी. अडचण अशी, की मुलांच्या मेंदूतल्या आणखी काही गाठी अगदी अशाच दिसतात. एटी/आरटी नावाची फार आक्रमक गाठ आहे, तीही कित्येकदा अशीच. मोठ्या मेंदूत होणाऱ्या ज्यांना पूर्वी पीनेट म्हणायचे, त्याही अशाच. अनेक वर्षं ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत असं मानलं जायचं.

२००२ साली बॉस्टनच्या स्कॉट पोमेरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यात ४२ नमुने शेजारी शेजारी ठेवून हजारो जीन्सची पातळी एकाच वेळी मोजली होती: मेड्युलोब्लास्टोमा, एटी/आरटी, पीनेट, ग्लायोमा आणि चार निरोगी लहान मेंदूंचे. डोळ्यांना सारखे दिसणारे नमुने आकड्यांत चक्क वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसले. मेड्युलोब्लास्टोमाचं नातं लहान मेंदूतल्या ग्रॅन्यूल पेशींच्या पूर्वजांशी दिसलं, पीनेटचं तसं नव्हतं. भावंडं वाटत होती ती मुळात एका घरातली नव्हतीच.

पुढे मेड्युलोब्लास्टोमाच्याही पोटात चार वेगळे आजार निघाले. त्यांवर खाली लिहिते. आधी प्रश्न असतील तर विचारा.

वाटसरू

शिशिराताई, लेख आवडला. पण एक मूलभूत शंका. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जीन्स तेच असतात ना? मग ‘जीन्समधला फरक’ मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं?

शिशिरा

हाच प्रश्न हवा होता. वाण्याच्या दुकानात माल सगळ्या गावासाठी तोच असतो. पण अमुक घरात आज काय शिजतंय हे दुकान बघून कळत नाही, त्या घरातून आलेली यादी बघून कळतं. डीएनए म्हणजे दुकान, आरएनए म्हणजे यादी. आम्ही यादी वाचतो: कोणता जीन किती जोरात चालू आहे आणि कोणता गप्प आहे.

आता ही यादी फार तकलादू कागदावर असते. ऑपरेशनमधून आलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात आणि मग मेणात बसवतात, तोच ‘ब्लॉक’. फॉर्मालिननं पेशींचा आकार छान टिकतो, पण आरएनएचे तुकडे तुकडे होतात. मी ब्लॉक मायक्रोटोमवर लावायची, दहा मायक्रॉनचे काप घ्यायची. मेणाचे ते काप लाकडाच्या रंध्यातून निघणाऱ्या सालीसारखे गुंडाळत येतात. प्रत्येक ब्लॉकला नवं पातं, नाहीतर आधीच्या मुलाची यादी पुढच्या मुलाच्या यादीत मिसळेल. मग झायलीननं मेण धुवायचं, एन्झाइमनं प्रथिनं गाळायची आणि शेवटी हातात येतात ते पाण्यासारखे पारदर्शक दोन-चार थेंब. त्यात ती फाटकी यादी.

रिअल-टाइम पीसीआर म्हणजे यादीतल्या ओळीच्या नकला काढत काढत ती मोजायची पद्धत. त्यात दर फेरीला नक्कल दुप्पट होते, म्हणून जी ओळ मुळात जास्त तिची रेघ आधी वर उठते. एखाद्या जीनची रेघ २२व्या फेरीला वर उठली आणि दुसऱ्या नमुन्यात तीच ३२व्या फेरीला, तर फरक दहाचा नाही, जवळजवळ हजारपट आहे. स्क्रीनवर त्या रेघा एकामागोमाग उठताना बघणं म्हणजे काय, हे मला शब्दांत सांगता येत नाही. त्या थेंबाच्या मागे एक पाच-सहा वर्षांचं मूल आहे हे माहीत असायचं.

इथे आपल्याकडच्या एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे, ॲक्ट्रेक. तिथल्या नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेनं २०१३ साली भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. १२ जीन्स आणि ९ मायक्रोआरएनए मोजायचे, त्यावरून गट ठरवायचा. अचूकता ९७ टक्के. मायक्रोआरएनए का घेतले? ते जेमतेम २२ अक्षरांचे असतात. मोठा कागद फाटतो, चिटोऱ्याचं आणखी काय फाटणार? जुन्या मेणाच्या ब्लॉकमध्येही ते शाबूत सापडतात. आपल्याकडे ताजा गोठवलेला नमुना क्वचितच मिळतो, ब्लॉक मात्र जवळपास प्रत्येक मुलाचा असतो. ज्यानं हे ओळखलं त्याला इथली परिस्थिती आतून माहीत होती.

पिल्लूचा बाबा

ताई, तो प्रश्न विचारणारा मीच. मुलगा सात वर्षांचा. सुरुवातीला दोन महिने जंत आणि पित्ताची औषधं चालली, रोज सकाळी उलटी. एक दिवस वर्गात बाकावरून पडला तेव्हा एमआरआय झाला. ऑपरेशन झालंय, मेंदूतलं साठलेलं पाणी काढायला नळी, म्हणजे शंट, टाकलाय. आता रेडिएशन चालू होणार. त्या चार गटांबद्दल लिहा. वाईट असलं तरी लिहा, मला समजून घ्यायचंय.

शिशिरा

दादा, लिहिते. आणि जसं आहे तसंच लिहिते.

पहिला गट विंट. साधारण दहा टक्के मुलं. उपचार पूर्ण झाले तर नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. हा गट इतका वेगळा का, याचं एक कारण २०१६ साली उंदरांवरच्या आणि मानवी गाठींवरच्या कामातून पुढे आलं. विंट हा पेशींमधला एक संदेश. या गाठीच्या पेशी तो अडवणारी काही प्रथिनं भरपूर बनवतात आणि आजूबाजूला सोडतात. आमच्या चाचण्यांत विंट गाठ ओळखायला वापरतात त्या जीन्सपैकी डब्ल्यूआयएफ१ हा त्यातलाच. आता मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना घट्ट राहायला तोच विंट संदेश लागतो. तो अडला की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या होतात. म्हणूनच या गाठी ऑपरेशनच्या वेळी रक्ताळ असतात आणि म्हणूनच केमोचं औषध आत शिरतं. इतर गटांत रक्तवाहिन्यांची भिंत शाबूत असते, औषध बाहेरच अडतं. गाठीनं चालू ठेवलेला जीनच तिचा घात करतो.

दुसरा एसएचएच, साधारण तीस टक्के. तान्ह्या बाळांत आणि मोठ्यांत जास्त. लहान मेंदू वाढत असताना ग्रॅन्यूल पेशींच्या पूर्वजांना ‘वाढा’ सांगणारा एसएचएच नावाचा संदेश बंदच होत नाही. यात टीपी५३ जीन बिघडलेला असेल तर आजार फार अवघड, नसेल तर बरीच आशा.

तिसरा आणि चौथा यांना अजूनही नीट नाव नाही, ‘ग्रुप ३’ आणि ‘ग्रुप ४’ एवढंच. दोन्ही मुलींपेक्षा मुलांत जास्त. ग्रुप ३ मध्ये काहींच्या गाठीत मिक नावाच्या जीनच्या पुष्कळ प्रती होतात, आजार निदानाच्या वेळीच मणक्याच्या बाजूला पसरलेला असण्याची शक्यता जास्त, आणि चौघांत सगळ्यात कठीण हाच. एक गोष्ट मला अजून थक्क करते: ग्रुप ३ च्या गाठीत डोळ्याच्या पडद्यातले जीन चालू असतात, एनआरएल आणि सीआरएक्स. लहान मेंदूत बसलेली गाठ डोळ्याची यादी वाचत असते. ग्रुप ४ सगळ्यात जास्त आढळतो, पस्तीस-चाळीस टक्के, आणि त्याचा निकाल मधला.

आता तुमची ओळ. बहुतेक रुग्णालयांत गट इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीनं, म्हणजे स्लाईडवर रंग चढवून ठरवतात. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात दिसलं तर विंट. गॅब१ या प्रथिनाचा रंग चढला तर एसएचएच. वायएपी१ या तिसऱ्या प्रथिनाचा रंग दोघांतही चढतो. यातलं काहीच नसेल तर उरलेले दोन, ३ आणि ४, आणि त्या रंगांना ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. म्हणून ‘नॉन-विंट/नॉन-एसएचएच’. रिपोर्ट देणाऱ्यानं टाळाटाळ केलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही हाच शब्द आहे. पण यादी वाचली तर ३ की ४ हे पुढे कळू शकतं.

गणिती

आकडेवारीचा माणूस म्हणून विचारतो. क्लस्टरिंगला, म्हणजे सारखे नमुने एकत्र लावणाऱ्या गणिताला, सांगाल तितके गट ते पाडून देतं. चार हा आकडा निसर्गाचा की सॉफ्टवेअरचा?

शिशिरा

रास्त प्रश्न आहे आणि त्या क्षेत्रातल्या लोकांनाही तो पडला होता. २००६ आणि २००८ च्या कामांत पाच गट निघाले होते, २०११ मध्ये एका चमूला चार, दुसऱ्याला सहा. २०१० च्या शरदात ही मंडळी बॉस्टनला एकत्र बसली, आपापला डेटा समोर ठेवला आणि चारवर एकमत केलं. ते २०१२ मध्ये छापून आलं.

नुसतं एकमत झालं म्हणून मी मानलं नसतं. मला पटलं ते पेशींच्या उगमामुळे. २०१० मध्येच उंदरांवर दाखवलं गेलं की विंट गाठ लहान मेंदूत उगवतच नाही, ती शेजारच्या मेंदूस्तंभाच्या मागच्या बाजूच्या पेशींतून येते. एसएचएच मात्र लहान मेंदूच्याच ग्रॅन्यूल पेशींच्या पूर्वजांतून. एमआरआयवर एकाच जागी दिसणाऱ्या दोन गाठी, गावं वेगवेगळी. आणि २०२२ मध्ये ग्रुप ३ आणि ४ चं मूळ माणसाच्या गर्भातल्या ऱ्हॉम्बिक लिप नावाच्या पट्ट्यातल्या एका थरात सापडलं. उंदरांत तो थर तसा नसतोच. उंदरांत इतकी वर्षं शोधूनही या दोघांचा माग का लागत नव्हता, ते तेव्हा कळलं. सॉफ्टवेअरनं पाडलेल्या गटांना गर्भात वेगवेगळं जन्मस्थान मिळत नाही.

गणिती

हे पटलं. बाहेरचा पुरावा आहे म्हणजे गट नुसते कागदावरचे नाहीत. पण मग ३ आणि ४ चं मूळ शेजारी शेजारी असेल तर त्यांच्यातली रेघ पुसट असायला हवी.

दूरदेशी

आहेच पुसट. मी जर्मनीत असतो, अशाच डेटावर काम करतो. आता इथे जीन एक्स्प्रेशनपेक्षा, म्हणजे तुमच्या यादीपेक्षा, डीएनए मेथिलेशनवर, म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांवर, भर आहे. हायडेलबर्गच्या गटानं २०१८ मध्ये मेंदूतल्या जवळपास सगळ्या गाठींसाठी मेथिलेशनचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. २०२१ च्या जागतिक वर्गीकरणात एसएचएचचे चार आणि ग्रुप ३/४ चे मिळून आठ उपप्रकार आलेत. डीएनए ब्लॉकमध्ये आरएनएपेक्षा चांगला टिकतो आणि मेथिलेशन पेशीच्या जन्माची खूण सांगतं. शिशिराताई, मला वाटतं तुमची ‘यादी’ची पद्धत आता मागे पडली.

शिशिरा

मेथिलेशन जास्त बारकाईनं सांगतं, यावर दुमत नाही. पण ‘मागे पडली’ हे मला मान्य नाही. मेथिलेशन मोजायच्या चिपला लागणारं यंत्र आणि खर्च किती रुग्णालयांना परवडतो? पीसीआरचं यंत्र आता जिल्ह्याच्या ठिकाणीही आहे. उपलब्ध नसलेली उत्तम चाचणी आणि आठवड्यात होणारी चांगली चाचणी यांत रेडिएशनची तारीख जवळ आलेल्या मुलासाठी मी दुसरी घेईन. शिवाय मेथिलेशन पेशी कुठून आली ते सांगतं, आज ती काय करतेय ते यादीच सांगते. गळक्या रक्तवाहिन्यांचं कोडं यादीवरूनच सुटलं.

दूरदेशी

इथे बसून खर्चाचा अंदाज येत नाही, हे खरं. शब्द मागे घेतो. दोन्ही हाताशी असतील तर दोन्ही करावं.

घारापुरी

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत आहे. पिल्लूच्या बाबांसाठी आणि इतर पालकांसाठी थोडं लिहितो, कारण हा गट कळून पुढे काय बदलतं हे कुणी लिहिलेलं नाही.

या आजारात गाठीच्या जागेबरोबर पूर्ण मेंदू आणि मणक्याला किरण द्यावे लागतात. १९५३ मध्ये मँचेस्टरच्या पॅटरसन आणि फार यांनी हे दाखवलं, आणि तेव्हापासून मुलं वाचू लागली. पण वाढत्या मेंदूला त्याची किंमत मोजावी लागते: अभ्यासात मागे पडणं, उंची खुंटणं, हार्मोन कमी होणं. आज सरासरी जोखमीच्या मुलाला मेंदू-मणक्याला २३.४ ग्रे (किरणांच्या डोसाचं माप) देतात, जास्त जोखमीला ३६, आणि गाठीच्या जागेला एकूण ५४ च्या आसपास. म्हणून सगळे विचारतात, की विंटच्या मुलांना तरी कमी करता येईल का?

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी फॉर-विंट नावाच्या अभ्यासात विंटच्या मुलांना मेंदू-मणक्याचे किरण सुरुवातीला न देता फक्त गाठीच्या जागेला दिले. आजार मेंदू-मणक्यात परतू लागला आणि त्यांनी अभ्यास थांबवला. २०२२ मध्ये निकाल जसाच्या तसा छापला. पुढच्या अभ्यासात किरण वगळले नाहीत, १८ ग्रेपर्यंत कमी केले. मी हे मुद्दाम सांगतोय. ‘विंट आहे, मग रेडिएशन कशाला?’ असं विचारणारे पालक मला भेटतात. गट चांगला असणं हे उपचार पूर्ण केल्यावरचं चांगलं आहे.

बाबा, तुमच्या मुलाच्या बाबतीत विचारण्यासारख्या तीन गोष्टी: ऑपरेशननंतरच्या ४८-७२ तासांतल्या एमआरआयवर गाठ किती उरली, मणक्याचा एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी काय म्हणते, आणि मिकची फिश तपासणी, म्हणजे त्या जीनच्या प्रती मोजणारी तपासणी, झाली का. या तीन गोष्टी कळल्या तर डोस ठरवणं सोपं जातं. गटाचा रिपोर्ट यायला वेळ लागत असेल तर रेडिएशन थांबवू नका. ऑपरेशननंतर साधारण चार-सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला हवं.

मैत्रेयी

घरात धाकटं भावंड असेल तर त्याची तपासणी करावी का? आमच्या नात्यातल्या एका मुलीला एसएचएच सांगितलंय आणि तिची आई रोज धाकट्याला सरळ रेषेत चालायला लावून बघते.

घारापुरी

एसएचएचमध्ये हा प्रश्न विचारायलाच हवा. काही मुलांत पीटीसीएच१, एसयूएफयू किंवा टीपी५३ या जीन्समधला दोष गाठीपुरता नसतो, जन्मापासून सगळ्या शरीरात असतो. तिच्या रक्ताची तपासणी आधी करा. दोष तिच्या रक्तात सापडला तरच भावाची तपासणी. हे जेनेटिक काउन्सेलरबरोबर बसून ठरवायचं. टीपी५३ किंवा पीटीसीएच१ चा जन्मजात दोष असेल तर रेडिएशनमुळे पुढे दुसरे कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून तिच्या स्वतःच्या उपचारासाठीही हे लवकर कळायला हवं. आईला सांगा, सरळ रेषेची परीक्षा थांबवा. एका नळीभर रक्तात जास्त कळेल.

पिल्लूचा बाबा

सगळं तीन वेळा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. डॉक्टरसाहेब, मणका स्वच्छ आहे, पाणीही स्वच्छ आहे. फिश झालेली नाही. आज विचारलं, ते म्हणाले ब्लॉक घेऊन मुंबईला जा. ब्लॉक आमच्याकडेच दिलेत, सहीवर. मी ते स्टीलच्या डब्यात घालून देवघराच्या कपाटात ठेवलेत. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, खराब तर झाले नसतील ना? उद्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघतोय.

शिशिरा

दादा, कपाटात सावलीत होते ना, मग काही झालेलं नाही. मेण वितळायला बरीच जास्त उष्णता लागते. फक्त उन्हात उभ्या असलेल्या रिक्षात किंवा गाडीत डबा ठेवू नका, आणि बॅग सीटखाली न ठेवता अंगाजवळ ठेवा.

निघण्याआधी एवढं करा. प्रत्येक ब्लॉकच्या प्लास्टिकच्या कडेवर नंबर लिहिलेला असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. ब्लॉक दोन-तीन असतील तर सगळे न्या. कोणत्यात गाठ जास्त आणि कोणत्यात नुसतं रक्त किंवा मेलेल्या पेशी, हे पॅथॉलॉजिस्ट स्लाईड बघून ठरवतील, म्हणून रंगवलेल्या स्लाईड्सही बरोबर ठेवा. मूळ रिपोर्ट देऊ नका, झेरॉक्स द्या. ब्लॉक जमा करताना पावती घ्या आणि काम झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घ्या. आज लागणार नाहीत अशा तपासण्या दोन वर्षांनी लागू शकतात आणि तेव्हा तोच तुकडा हवा असतो.

पिल्लूचा बाबा

नंबर जुळवले. तीन ब्लॉक आहेत, तिन्ही घेतले. स्लाईड्स बायकोनं रुमालात गुंडाळून डब्यात ठेवल्यात. तिथे पोचलो की लिहितो.